रेषेच्या जरा वर

"माझं उत्पन्न कुणीतरी वाढवलंय," ती बाई दारातूनच म्हणाली. "कुणी वाढवलं ते मला शोधून हवंय."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. या दोन खोल्यांच्या कार्यालयात हरवलेले दागिने आणि पळालेले नवरे यांच्या तक्रारी रोज येत. उत्पन्न वाढल्याची तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

"आमचंही वाढवा म्हणावं त्याला," ते पुटपुटले.

"भावोजी," टाचणीबाई एवढंच म्हणाल्या. मास्तरांनी पेन्सिल पुन्हा उचलली.

टाचणीबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. एका विमा कंपनीच्या दप्तरखान्यात त्यांनी वीस वर्षं काढली होती. ज्या दोन कागदांचा एकमेकांशी संबंध आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, असे कागद त्या नेमके एकत्र टाचून साहेबांच्या टेबलावर ठेवत. नोकरी सोडून त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली आणि नाव सोबत आलं. मास्तर हे त्यांचे धाकटे दीर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गाडी चालवणं, टिपणं काढणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं ही इथली त्यांची कामं.

बाई खुर्चीत बसली. चाळिशीची असेल. काचेची वस्तू सांभाळावी तसे तिनं आपले हात मांडीवर ठेवले होते.

"मी शिवणकाम करते. बोटांना संधिवात आहे. दर महिन्याच्या बारा तारखेला टेकडीवरच्या इस्पितळात एक इंजेक्शन मिळतं. ते घेतलं की तीन आठवडे मशीन चालवते. शेवटच्या आठवड्यात बोटं वळत नाहीत. तेव्हा सुईत दोरासुद्धा अण्णा ओवून देतात. अण्णा म्हणजे माझे सासरे. घरात आम्ही दोघंच."

"इंजेक्शन महाग असेल."

"माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढं. सरकारच्या मोफत योजनेतून मिळत होतं म्हणून निभत होतं. आधी दोन वर्षं गोळ्या घेतल्या, तर पोटाची पार वाट लागली. रक्त पडलं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. आणि आता हे पत्र."

टाचणीबाईंनी पत्र उजेडात धरलं. तारीख गेल्या महिन्याची पंचवीस. मजकूर सरकारी थाटाचा होता : 'आपल्या कुटुंबाचे अपेक्षित वार्षिक उत्पन्न मोफत योजनेच्या मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे आपण सादर केलेल्या अर्जावरून दिसून येते. सबब आपले मोफत संरक्षण पुढील महिन्याच्या अखेरीस संपुष्टात येईल.' वरच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत १/२ असं छापलेलं होतं.

"एक-दोन म्हणजे तारीख असणार," म्हणत मास्तरांनी ते टिपून घेतलं. टाचणीबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"पण मी अर्ज केलेलाच नाही!" शिंपीणबाईचा आवाज चिरकला. "कचेरीत दोनदा जाऊन आले. अर्ज वरच्या साहेबांकडे आहे म्हणतात. उद्या दाखवतो, परवा दाखवतो. आज तेवीस तारीख उजाडली."

"कुणावर संशय?"

"नणंदेवर," ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली. मग जरा थांबून, "नाहीतर समोरचा टेलर. पण आधी नणंद."

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. इस्पितळाच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, नणंद तिला म्हणाली होती, 'वेळेवर का नाही आणलं त्याला?' हातात पैसे नव्हते म्हणून आणलं नव्हतं. नंतर हीच नणंद पैशांचं पाकीट घेऊन दारात आली.

"मी आत घेतलं नाही. म्हटलं, तुमच्याकडचा दोरासुद्धा या घरात यायला नको. तेव्हापासून बोलणं बंद."

---

शिवणाची खोली लहान होती, पण लख्ख. खिडकीपाशी मशीन, भिंतीला फळ्या, फळ्यांवर बटणांचे डबे. कोपऱ्यात हिरव्या जाड पडद्यांची चळत. अण्णा खिडकीखाली बसून सुया ओवत होते. ओवलेली प्रत्येक सुई ते एका पट्टीवर ओळीनं टोचून ठेवत. ऐंशीच्या घरातले, बारीक अंगाचे, शेजारी काठी टेकवलेली.

मास्तरांचं लक्ष डब्यांवरच्या चिठ्ठ्यांकडे गेलं. "वा! हे अक्षर कुणाचं? डावी कड सरळ असते सगळ्यांची, पण इथं उजवीसुद्धा! पट्टी लावून कापल्यासारखी."

"माझं," अण्णा लाजल्यासारखे हसले. "पन्नास वर्षं छापखान्यात खिळे जुळवले मी. ओळ कडेपर्यंत भरली नाही तर अजून चैन पडत नाही. शब्दांमधे थोडी थोडी जागा सोडत जायचं, की बरोबर बसते."

"हिशेबाची वहीपण तुम्हीच लिहिता?"

"तिची बोटं असली. मग मीच लिहितो."

"अण्णा, या अर्जाबद्दल तुम्हाला काही ठाऊक आहे?" टाचणीबाईंनी सहज विचारलं.

म्हाताऱ्यानं हातातल्या सुईचं नेढं उजेडाकडे धरलं. "मी कुठं जातो बाई? गेल्या वर्षी पडल्यापासून दारातली पायरी उतरायची तरी सूनबाईचा खांदा लागतो."

शिंपीणबाईनं तोवर चहा आणला. टाचणीबाई पडद्यांपाशी उभ्या होत्या. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यानं एक आकडा शिवलेला होता.

"हे काम केव्हापासून?"

"तीन महिने झाले. कापडवाल्यानं आपणहून दिलं. वर्षभर पुरेल म्हणतो. कुठं जातात मी विचारलं नाही, शिवून देते." तिचा आवाज अभिमानानं थोडा वर चढला. "हे काम समोरच्या टेलरला हवं होतं. तेव्हापासून त्याचं तोंड वाकडं आहे."

"या वाढीव कमाईचं योजनेच्या कचेरीत कळवलंत?"

बाई खाली बघायला लागली. "वर्षाच्या शेवटी कळवणार होते." मग हळूच, "खरं सांगू? भीती वाटली. कळवलं आणि इंजेक्शन बंद झालं तर?"

टाचणीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचं पावतीपुस्तक देता का जरा बघायला?"

त्यांनी पावत्या बऱ्याच वेळ चाळल्या. प्रत्येक पावतीवर शिंपीणबाईची सही आणि तारीख होती. मास्तरांना त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही.

---

योजनेची कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्टला सहा महिन्यांपूर्वीची 'बंद आहे' ही पाटी आणि त्या पाटीवर धूळ. मास्तर वर पोहोचले तेव्हा त्यांना बोलायला श्वास उरला नव्हता. दाराशी अर्ज टाकायची पेटी होती.

कारकून थकलेला, पण भला माणूस होता. अर्ज आज आला होता. त्यानं तो शिंपीणबाईसमोर ठेवला.

"ही माझी सहीच नाही!" ती जवळजवळ ओरडली. "बघा, कशी वेडीवाकडी आहे. माझी सही गोल असते."

सही खरंच तुटक होती. प्रत्येक अक्षर थांबत थांबत ओढलेलं. मास्तर पुढं झुकले. "खोटी आहे! वहिनी, उघड उघड खोटी आहे. नक्कल करणाऱ्याचा हात थरथरला."

टाचणीबाईंनी अर्ज स्वतःकडे वळवून घेतला. वरच्या कोपऱ्यात शिक्का : गेल्या महिन्याची आठ तारीख, सकाळी नऊ. पत्त्याच्या तिन्ही ओळी डावीकडून उजवीकडे चौकोनात चपखल बसलेल्या.

"आकडे कुणी फुगवलेत का?" त्यांनी विचारलं.

"फुगवलेत?" कारकून हसला. "वर्षभरात इतका नेटका अर्ज मी पाहिला नाही. लोक आलेला सगळा पैसा लिहून मोकळे होतात. धंदेवाल्यांनी त्यातून धंद्याचा खर्च वजा करायचा असतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. इथं बघा. दोरा, सुया, मशीनचं तेल, वीज, कापड आणायचं भाडं, सगळं वजा केलंय. वर्षाच्या उरलेल्या महिन्यांतल्या पडद्यांचं काम धरलंय. सासऱ्यांचं निवृत्तिवेतनसुद्धा धरलंय, आणि घरात माणसं दोन. सगळं खरं दिसतंय. मर्यादेच्या अगदी जरा वर आहे, बस."

"ही मर्यादा म्हणजे नक्की काय?" मास्तरांनी विचारलं. "मला काही उमगत नाही."

कारकुनानं रद्दी कागदावर दोन आडव्या रेषा ओढल्या. "घरात माणसं जितकी, तितक्या या रेषा वर सरकतात. खालच्या रेषेखाली असलात तर मोफत योजना. वरच्या रेषेच्या वर गेलात तर विमा आपापल्या खिशातून. मधे असलात तर सवलतीचा विमा. हप्त्याचा मोठा भाग सरकार भरतं."

"विमा!" शिंपीणबाई म्हणाली. "मला कुठला परवडतोय विमा?"

"पत्रं नीट वाचत चला हो," कारकून पुढच्या माणसाला बोलावता बोलावता म्हणाला. "आम्ही जोडीजोडीनं पाठवतो, तरी कुणी वाचत नाही."

---

समोरचा टेलर चिडलेला माणूस होता, पण चिडताना त्याचे डोळे इकडेतिकडे पळत नव्हते.

"मी? तिच्याविरुद्ध? हो, गेलो होतो त्या कचेरीत. माझ्या आईचा अर्ज द्यायला. पडद्यांचं काम गेल्याचं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण म्हणून कुणाचं औषध बंद करीन?" तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिला सांगणार नसाल तर एक सांगतो. तिची बोटं आखडतात ना, त्या आठवड्यात तिच्या गिऱ्हाइकांच्या शर्टांची काजं मी करतो. मागच्या दारानं. अण्णा निरोप धाडतात आणि वर बजावतात, तिला कळू देऊ नका. तिला वाटतं म्हातारा हातानं करतो."

"आणि पैसे?"

"काजांचे कसले पैसे घ्यायचे?" तो रागावूनच म्हणाला आणि कात्री उचलून कामाला लागला.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "हा सुटला. म्हणजे नणंदच."

"म्हातारा गुपितं चांगली सांभाळतो, नाही?" टाचणीबाई म्हणाल्या.

---

टेकडीवरच्या इस्पितळात शिरल्या शिरल्या सूचनाफलक होता. मास्तरांनी सवयीनं मोठ्यानं वाचलं : "'पुढील महिना संपल्यावर मोफत योजनेतील रुग्णांवर नदीपलीकडच्या सार्वजनिक रुग्णालयात उपचार होतील. विमाधारक रुग्णांचे उपचार येथेच चालू राहतील.' बिचारी. इथून तरी तिला हलावंच लागणार होतं."

"सूचनेची तारीख?"

"गेल्या महिन्याची वीस."

टाचणीबाईंनी चौकशीच्या खिडकीत एक प्रश्न विचारला : नदीपलीकडच्या रुग्णालयात संधिवातावर काय देतात? "गोळ्या," आतली मुलगी म्हणाली. "तिथं इंजेक्शन नाही मिळत."

नणंद तळघरात होती, इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत. चादरींच्या चळती, अभ्रे, आणि एका फळीवर हिरवे पडदे, कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचे आकडे. ती पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. टाचणीबाईंनी आपली ओळख सांगितली तरी तिच्या चादरीची घडी मोडली नाही.

"चार वर्षं त्या घराची पायरी चढले नाही मी. मला काय विचारता?"

"वर सूचना लागली आहे. तुम्हाला ती केव्हा कळली?"

"लागायच्या आधीच. कुठला विभाग रिकामा व्हायचाय हे चादरी मोजणाऱ्याला पहिल्यांदा कळतं." तिनं पुढची चादर उचलली. दोन टोकं जुळवली. मग एकदम विचारलं, "तिची बोटं कशी आहेत?"

"तुम्हीच येऊन बघा की. उद्या सकाळी दहाला."

"मला ती दारात उभी करायची नाही."

"मग दारात उभ्या राहू नका," टाचणीबाई म्हणाल्या. "सरळ आत या."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणाच्या खोलीत टाचणीबाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. अण्णा आपल्या जागी होते, पण आज हातात सुई नव्हती. समोरचा टेलर दाराशी टेकून उभा होता. नणंद सगळ्यात शेवटी आली. तिला पाहताच शिंपीणबाई उठली.

"ही इथं कशाला?"

"दहा मिनिटं बसा," टाचणीबाई म्हणाल्या. "मग हाकलायचं असेल तर सगळ्यांना हाकला. पहिली गोष्ट. अर्जावरची सही तुमचीच आहे."

"माझी? ती?"

"तुमच्या पावत्या मी तारखांप्रमाणे पाहिल्या. बारा तारखेनंतर तुमची सही गोल, सुरेख. पाच-सहा तारखेपासून ती तुटायला लागते. अर्ज आठ तारखेचा. कुणी तुमच्या सहीची नक्कल केली असती तर चांगल्या दिवसांतली केली असती. आखडलेल्या बोटांची सही फक्त आखडलेली बोटंच करतात. त्या आठवड्यात तुमच्यासमोर कुणीतरी कागद ठेवला आणि तुम्ही न वाचता सही केलीत. तुम्ही इतका विश्वास कुणावर टाकता?"

शिंपीणबाईनं कुणाकडेच पाहिलं नाही. पण तिचा चेहरा बदलला.

"दुसरी गोष्ट. वाईट करायला निघालेला माणूस आकडा ठोकून देतो. इथं सुयांचा खर्चसुद्धा वजा केलाय. ज्याच्या हातात घरची वही आहे, त्यालाच ते जमेल. आणि पत्त्याच्या ओळी! भावोजी, तुम्ही कालच डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचं कौतुक केलंत. दोन्ही कडा सरळ. अर्जावरच्या ओळीही तशाच आहेत."

मास्तर मान वळवून डब्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा बघू लागले.

"मी अण्णांना विचारलं, अर्जाबद्दल काही ठाऊक आहे का. ते म्हणाले, मी कुठं जातो? ते खरंच बोलले. फक्त 'नाही' म्हणाले नाहीत."

"अण्णा?" शिंपीणबाई म्हणाली. तो आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे म्हाताऱ्याला तो जास्त लागला असावा. त्यांनी मान खाली घातली.

"पण अण्णांना एक पायरी उतरवत नाही, आणि पेटी आहे तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे अर्ज नेला दुसऱ्याच कुणी. कुणी? त्याआधी हे बघा, की अर्ज केलाच कशासाठी? आपल्या सुनेचं औषध बंद व्हावं असं अण्णांना वाटेल?"

"मग बंद का केलं?" शिंपीणबाई कळवळून म्हणाली.

"बंद होणारच होतं. अर्ज केला नसता तरी. येत्या एक तारखेपासून मोफत योजनेच्या रुग्णांना नदीपलीकडं जायचंय. तिथं इंजेक्शन नाही. गोळ्या आहेत."

शिंपीणबाईचा हात नकळत पोटावर गेला.

"ज्यांच्याकडे विमा आहे त्यांचं इंजेक्शन मात्र टेकडीवरच चालू राहणार. विमा तुम्हाला परवडायचा नाही, बरोबर. पण खालच्या रेषेच्या जरा वर गेलात, तर हप्ता बव्हंशी सरकार भरतं. कारकुनानं सांगितलं तेव्हा आपण तिघांनीही ऐकलं. ही गोष्ट सूचना लागायच्या किमान बारा दिवस आधी कुणाला तरी माहीत होती. इस्पितळाच्या आतल्या माणसाला. त्या माणसानं ती अण्णांना सांगितली. अण्णांनी वही काढली, बेरीज केली, आणि पडद्यांच्या कामाआधीचं उत्पन्न रेषेच्या थोडं खाली भरलं. खोटा आकडा लिहिणं सोपं होतं."

"खोटं लिहायचं नाही म्हटलं मी," नणंद पहिल्यांदाच बोलली. "उद्या पकडलं असतं तर हिलाच भोगावं लागलं असतं."

"म्हणून तुम्ही आकडा खरा केलात. महिनाभरात नव्हे. तीन महिन्यांपूर्वी, विभाग हलणार अशी कुणकुण लागली तेव्हाच. पडद्यांचा मक्ता कापडवाल्याला मिळाला होता. शिवायला चांगला हात कुणाचा, एवढंच तुम्ही त्याला सांगितलंत."

शिंपीणबाई हिरव्या चळतीकडे बघत राहिली.

"तू म्हणाली होतीस, दोरासुद्धा नको," नणंद म्हणाली. "मी दोरा नाही धाडला. कापड कापडवाल्याचं, दोरा तुझा, शिवलंस तू. मी फक्त नाव सांगितलं. आणि एक दिवस कामावर जाताना, अण्णांनी खिडकीतून दिलेला अर्ज घेऊन तीन जिने चढले."

"मला सांगता आलं नाही?" शिंपीणबाई अण्णांकडे वळली. "मी काय लहान आहे?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," अण्णा म्हणाले.

"हो, म्हणालेच असते!"

"म्हणून तर."

"अण्णा," टाचणीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज या वेळी मऊ नव्हता, "हेतू चांगला होता. पण जिचे हात चालत नाहीत तिच्याकडून न वाचता सही घेणं, हे बरं केलं नाहीत. औषध तिचं, अर्ज तिचा. भांडली असती, तरी निर्णय तिचाच होता."

"खरं आहे," म्हातारा म्हणाला. "त्या दिवसापासून नीट जेवण गेलेलं नाही."

"आता शेवटचं. पत्राच्या कोपऱ्यात १/२ आहे. भावोजींना ती तारीख वाटली. कचेरीतून पत्रं जोडीनं निघतात. हे दोनापैकी पहिलं. एकात मोफत योजना बंद झाल्याचं, दुसऱ्यात सवलतीचा विमा मंजूर झाल्याचं. दुसरं तुम्हाला मिळालं नाही, कारण ते आधी अण्णांच्या हाती पडलं. हप्ता स्वतः भरून मग सांगायचा त्यांचा बेत असावा. पण पहिलं पत्र तुम्ही उघडलंत, नणंदेच्या नावानं बोटं मोडलीत, आणि त्यांची हिंमत संपली. बरोबर?"

अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. सतत हात लागून ते मऊ पडलं होतं.

"यावर तीस दिवसांत अर्जदाराची सही पोहोचावी लागते," पत्र उलगडून बघत टाचणीबाई म्हणाल्या. "आज तिसावा. कचेरी पाचला बंद होते. वाचा. या खेपेला सगळं वाचा."

शिंपीणबाईनं चष्मा लावला. तिनं प्रत्येक ओळ वाचली, उलटून मागचीही वाचली. हप्त्याच्या आकड्यापाशी तिचं बोट थांबलं.

"एका पडद्याची शिलाई," ती म्हणाली. "महिन्याला एका पडद्याची शिलाई."

तिनं चष्मा काढला.

"त्या दिवशी व्हरांड्यात," ती नणंदेकडे न बघता म्हणाली, "तुम्ही मला विचारलं होतं, वेळेवर का नाही आणलं."

"तुला नव्हतं विचारलं मी." नणंदेचे रुंद खांदे एकदम खाली आले. "इस्पितळात नोकरीला मी. भाऊ माझा. दर आठवड्याला घरी यायचे, त्याचा खोकला ऐकायचे, आणि जाताना सर्दी असेल म्हणायचे. मी स्वतःला विचारत होते गं. तू समोर होतीस म्हणून तुझ्यावर गेलं. पाकीट घेऊन आले होते ते हेच सांगायला. दार लागलं, मग सांगायचं राहिलं. बारा तारखेला तू इंजेक्शनला येतेस ना, मी जिन्याच्या दाराआड उभी असते. तू उतरताना कठडा धरतेस की नाही बघते. धरलास तर बोटं चालतायत."

शिंपीणबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मग तिनं नणंदेचा पदर चिमटीत धरला, जणू कापडाचा पोत बघावा तसा.

"ताई," ती म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा. "कचेरीत चला माझ्याबरोबर. मला एकटीला तिथं भीती वाटते."

दाराशी टेकलेल्या टेलरनं नाक ओढलं आणि रस्त्यात काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं दाखवत तोंड बाहेर वळवलं.

---

मास्तरांनी गाडी कचेरीसमोर उभी केली. दोघी वर गेल्या त्याला पाऊण तास झाला होता.

"मला एक सांगा वहिनी," ते म्हणाले. "तुम्हाला पहिल्यांदा केव्हा समजलं?"

"नणंदेनं बोटांची चौकशी केली तेव्हा खात्री पटली. संशय त्याआधीचा. आकडा रेषेच्या फार वर असता तर मी शत्रू शोधला असता. तो इतका मोजून मापून वर होता, की माया केल्याशिवाय कुणी इतकं बारीक मोजत नाही."

"मी मात्र प्रत्येक वेळी चुकलो."

"तुम्ही चिठ्ठ्यांच्या कडा बघितल्यात, भावोजी. मी डबेच बघत होते."

मास्तर खूश झाले. मग त्यांनी समोर बोट दाखवलं. कचेरीचं दार उघडं होतं आणि आतला पहिला जिना दिसत होता. दोघी खाली आल्या होत्या, पण शेवटच्या वळणावर पायरीवरच बसल्या होत्या. शिंपीणबाईच्या हातात शिक्का मारलेली पोच होती. ती काहीतरी सांगत होती, हातवारे करून. नणंद मधेच डोळे पुसत होती, मधेच हसत होती. वर जाणारे लोक कुरकुरत बाजूनं वाट काढत होते. दोघींना त्याचा पत्ताच नव्हता.

"हाक मारू का?" मास्तरांनी गाडी सुरू करत विचारलं. "काम तर झालेलं दिसतंय."

टाचणीबाईंनी हात लांब करून किल्ली फिरवली आणि इंजीन बंद केलं.